क्षेपणास्त्राच्या बातमीची शिस्त कंपनीच्या बातमीलाही हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परदेशात क्षेपणास्त्राची चाचणी झाली की दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात तिची बातमी फार नेटकी येते. क्षेपणास्त्र कोठून सुटले, किती वाजता सुटले, किती उंचीवर गेले आणि किती अंतर कापून कोठे पडले, हे सगळे पहिल्या दोन परिच्छेदांत असते. कोणता आकडा जपानच्या संरक्षण खात्याचा, कोणता दक्षिण कोरियाच्या लष्कराचा आणि कोणता खुद्द चाचणी करणाऱ्या देशाचा, हेही वेगवेगळे सांगितलेले असते. त्याच अंकाच्या अर्थविषयक पानावर एखाद्या बड्या कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाल्याची बातमी असली, तर तिच्यात मात्र कंपनीने दिलेले एका ओळीचे कारण, संचालक मंडळाने मानलेले आभार, उत्तराधिकाऱ्याचा परिचय आणि दिवसअखेरचा भाव याखेरीज फारसे काही सापडत नाही. त्या अधिकाऱ्याने मागच्या काही महिन्यांत स्वतःचे शेअर विकले होते काय, विकले असल्यास कोणत्या दिवशी, आणि ज्या कारणाने तो गेला ते कारण कंपनीच्या आत केव्हा कळले होते, या प्रश्नांना बातमीत जागाच नसते. शेअरविक्रीचे वृत्त छापून येते, नाही असे नाही. पण ते महिनाभर आधी किंवा दोन महिन्यांनंतर, आतल्या पानावरच्या चार ओळींत येते आणि दोन्ही बातम्या जोडून पाहण्याचे काम वाचकावर पडते. पहिल्या बातमीला जी शिस्त आहे ती दुसरीलाही लावावी आणि अशा प्रत्येक बातमीसोबत तारखांची चार ओळींची चौकट छापावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या शिस्तीने किती फरक पडतो, हे २०१७ च्या सप्टेंबरातील एका दिवसावरून दिसते. १५ सप्टेंबरला, शुक्रवारी, जपानच्या वेळेप्रमाणे सकाळी ६ वाजून ५७ मिनिटांनी उत्तर कोरियाने प्याँगयांगजवळच्या सुनान येथून एक क्षेपणास्त्र सोडले. सात वाजता जपान सरकारची ‘जे-अलर्ट’ ही धोक्याची सूचना देशाच्या उत्तर भागातील लोकांपर्यंत गेली होती. त्यानंतर काही मिनिटांत क्षेपणास्त्र होक्काइडो बेटावरून पुढे गेले आणि ७ वाजून १६ मिनिटांच्या सुमारास एरिमो भूशिराच्या पूर्वेला सुमारे २,२०० किलोमीटरवर प्रशांत महासागरात पडले. त्याने कापलेले अंतर सुमारे ३,७०० किलोमीटर होते. ते ह्वासाँग-१२ होते, हे दुसऱ्या दिवशी उत्तर कोरियाच्या सरकारी वृत्तसंस्थेनेच जाहीर केले. जगातील सर्वांत बंदिस्त राजवटीने केलेल्या कृतीची इतकी माहिती चोवीस तासांच्या आत कोणत्याही वाचकाला मिळू शकत होती.

त्याच तारखेला अमेरिकेतील अटलांटा येथील इक्विफॅक्स या कंपनीने आपले माहिती तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख आणि सुरक्षा विभागाच्या प्रमुख तत्काळ निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. ही कंपनी लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या चार पतमाहिती कंपन्यांपैकी एक याच समूहाची आहे, त्यामुळे गृहकर्जासाठी अर्ज केलेल्या मराठी वाचकालाही हे नाव अगदीच परके नसावे. आठवडाभर आधी, ७ सप्टेंबरला, कंपनीने सांगितले होते की तिच्या संगणकांतून १४ कोटी ३० लाख अमेरिकी नागरिकांची माहिती चोरीला गेली असावी. (हा आकडा पुढे वाढत १४ कोटी ७० लाखांच्या वर गेला.) शेअरचा भाव ७ सप्टेंबरला १४२ डॉलरच्या आसपास होता, तो १५ तारखेला ९३ डॉलरवर आला. अमेरिकेच्या एस अँड पी ५०० या शेअर निर्देशांकाने त्याच १५ तारखेला इतिहासात पहिल्यांदा २,५०० च्या वर दिवस संपवला, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे: क्षेपणास्त्राने बाजार हलला नाही, एका कंपनीच्या उशिरा सांगितलेल्या सत्याने त्या कंपनीच्या भागधारकांचा तिसरा हिस्सा नेला.

‘उशिरा’ म्हणजे किती, हे तारखा ओळीने मांडल्यावरच कळते. ज्या सॉफ्टवेअरमधील त्रुटीतून चोर आत शिरले, तिच्यावरचा उपाय २०१७ च्या मार्चमध्ये उपलब्ध झाला होता आणि तो तातडीने बसवण्याची सूचनाही कंपनीत फिरली होती; तो बसवला गेला नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माहिती बाहेर जात राहिली. २९ जुलैला कंपनीच्या लोकांना संशयास्पद हालचाल दिसली, ३१ जुलैला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या कानावर गोष्ट गेली, आणि १ व २ ऑगस्टला मुख्य वित्तीय अधिकाऱ्यासह तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मिळून सुमारे १८ लाख डॉलरचे शेअर विकले. संचालक मंडळाला ऑगस्टच्या शेवटच्या पंधरवड्यात कळले, जनतेला ७ सप्टेंबरला. २६ सप्टेंबरला मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले. जपानमधील नागरिकाला डोक्यावरून जाणाऱ्या क्षेपणास्त्राची खबर तीन मिनिटांत मिळाली, तर अमेरिकी नागरिकाला स्वतःचा सामाजिक सुरक्षा क्रमांक (तिथला सरकारी ओळख क्रमांक) चोरीला गेल्याची खबर मिळायला चाळीस दिवस लागले.

यातील तिघांच्या शेअरविक्रीची माहिती गुप्त नव्हती, हा माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला असा व्यवहार दोन कामकाजी दिवसांत शेअर बाजाराच्या नियामकाला कळवावा लागतो आणि ते निवेदन कोणालाही पाहता येते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून ते तेथे पडून होते. ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या बातमीदारांनी ते उघडून कंपनीच्या घोषणेशेजारी ठेवले, तेव्हा त्या नोंदींना अर्थ आला. यासाठी कोणी फितूर शोधावा लागला नाही की गुप्त कागद मिळवावा लागला नाही. दोन तारखा शेजारीशेजारी ठेवण्याएवढीच शोधपत्रकारिता तेथे पुरली.

येथे कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून पुढची हकीकतही सांगायला हवी, कारण ती माझ्या विनंतीला तितकाच आधार देते. संचालक मंडळाच्या विशेष समितीने नोव्हेंबर २०१७ मध्ये असा निष्कर्ष दिला की त्या अधिकाऱ्यांना शेअर विकताना चोरीची कल्पना नव्हती आणि विक्रीपूर्वी घ्यायची परवानगी त्यांनी घेतली होती. म्हणजे ज्यांच्याकडे सर्वांची बोटे वळली होती, त्यांना समितीने दोषमुक्त ठरवले. शिक्षा झाली ती वेगळ्याच अधिकाऱ्याला. कंपनीच्या एका अमेरिकी विभागाचे माहिती तंत्रज्ञान प्रमुख जुन यिंग यांनी २८ ऑगस्टला सकाळी संगणकावर असा शोध घेतला की एक्सपेरियन या प्रतिस्पर्धी कंपनीत २०१५ साली माहितीची चोरी झाली तेव्हा तिच्या शेअरचा भाव किती पडला होता, आणि त्याच दिवशी आपल्याजवळचे साडेनऊ लाख डॉलरहून अधिक किमतीचे शेअर विकून टाकले. २०१९ मध्ये त्यांना चार महिन्यांचा तुरुंगवास झाला. तारीख कोणाचीही बाजू घेत नाही. अमुक अधिकाऱ्याला अमुक दिवशी कळले आणि त्याआधीच त्याची विक्री झाली होती, हे सांगणारी तारीख त्याला सोडवते. शोध आणि विक्री एकाच सकाळी झाली, हे सांगणारी तारीख दुसऱ्याला अडकवते.

क्षेपणास्त्राची बातमी शिस्तशीर का असते, याचे कारण बातमीदारांच्या नेमणुकीपेक्षा माहितीच्या वाटांमध्ये आहे, असे मला वाटते. चाचणी करणारा देश काहीही म्हणो, त्याच्यावर सोलमधून, टोकियोतून आणि अमेरिकेच्या इंडो-पॅसिफिक कमांड या लष्करी मुख्यालयातून नजर असते, हे तिघे आपापले आकडे देतात आणि ते जुळले नाहीत तर बातमीदार तसे लिहितो. कंपनीच्या खांदेपालटाच्या बातमीला एकच वाट असते, ती म्हणजे कंपनीचे पत्रक. पण ही अडचण वाटते तितकी खरी नाही, कारण शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर दुसरी वाट कायम उघडी आहे. आपल्या देशातले दोन्ही मोठे शेअर बाजार मुंबईत आहेत, त्यांचे नियमन करणाऱ्या सेबीचे मुख्यालयही वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मराठी पत्रकारितेला ही वाट दूरची म्हणता येणार नाही.

इक्विफॅक्सच्या प्रकरणाला आणखी एक शेपूट आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने या चोरीबद्दल चिनी लष्करातील चौघांवर आरोपपत्र दाखल केले. चीनने आरोप नाकारले. तो आरोप खरा मानला, तर २०१७ च्या उन्हाळ्यात एका परकीय लष्कराचे क्षेपणास्त्र पहिल्या पानावर गाजत असताना दुसऱ्या परकीय लष्कराने जवळपास निम्म्या अमेरिकेची माहिती उचलली होती आणि ती बातमी अर्थविषयक पानावर ‘अधिकारी निवृत्त’ अशा मथळ्याखाली जात होती. पानांची वाटणी ही वृत्तपत्राची सोय आहे, घटना त्या वाटणीप्रमाणे घडत नाहीत.

२०१७ सालीच २९ नोव्हेंबरला उत्तर कोरियाने ह्वासाँग-१५ हे क्षेपणास्त्र सोडले. सुमारे ४,४७५ किलोमीटर उंची आणि ५३ मिनिटांचे उड्डाण, हे तपशील जगभर छापले गेले. त्याच तारखेला संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल या कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी ब्रायन क्रझानिच यांनी सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरचे शेअर विकले आणि पदासाठी बंधनकारक असलेले किमान अडीच लाख शेअर तेवढे जवळ ठेवले. इंटेलच्या प्रोसेसरमधील ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या त्रुटींची माहिती कंपनीला जूनमध्येच मिळाली होती, विक्रीची योजना ३० ऑक्टोबरला आखली गेली आणि त्रुटी लोकांना कळल्या जानेवारी २०१८ मध्ये. विक्रीचा या त्रुटींशी संबंध नाही, असे इंटेलने सांगितले. पुढे जूनमध्ये क्रझानिच गेले ते एका कर्मचारी व्यक्तीशी पूर्वी असलेल्या संबंधांमुळे झालेल्या नियमभंगाच्या कारणाने, म्हणजे या विषयाशी संबंध नसलेल्या कारणाने. तरीही अमेरिकेच्या नियामकाने २०२२ च्या डिसेंबरात नियम बदलले, आणि आता तेथे विक्रीची योजना आखल्यापासून पहिली विक्री होईपर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याला किमान ९० दिवस थांबावे लागते. ३० ऑक्टोबर ते २९ नोव्हेंबर हे अंतर त्यात बसले नसते.

परदेशातील उदाहरणे पुरे. २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे क्षेपणास्त्र, राजीनामा आणि शेअरविक्री या तिन्ही प्रकारच्या बातम्या एकत्र आल्या होत्या. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने ३ मे रोजी ४५० किलोमीटर पल्ल्याच्या अब्दाली क्षेपणास्त्राची आणि ५ मे रोजी १२० किलोमीटर पल्ल्याच्या फतह क्षेपणास्त्राची चाचणी केली. त्या दिवसांत पहिले पान सीमेवरच्या बातम्यांनी व्यापावे, हे योग्यच होते आणि त्याबद्दल कोणताही वाचक तक्रार करणार नाही. पण ज्या बँकेचे नोंदणीकृत कार्यालय पुण्यात आहे, त्या इंडसइंड बँकेच्या उपमुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने २८ एप्रिलला आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने २९ एप्रिलला राजीनामा दिला होता. बँकेने १० मार्चला डेरिव्हेटिव्ह (दुसऱ्या मालमत्तेच्या भावावर बेतलेल्या) व्यवहारांच्या हिशेबातील विसंगती जाहीर केली, बँकेच्या नक्त मूल्यावर (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेवर) तिचा परिणाम सुमारे २.३५ टक्के असेल असे सांगितले, आणि ११ मार्चला शेअर एका दिवसात सुमारे २७ टक्के कोसळला. २८ मे रोजी सेबीने एकतर्फी अंतरिम आदेश काढून या दोघांसह पाच अधिकाऱ्यांकडून १९ कोटी ७८ लाख रुपये जप्त करण्याचे फर्मावले. विसंगतीची चर्चा बँकेच्या आत डिसेंबर २०२३ पासून चालू असताना या अधिकाऱ्यांनी शेअर विकले आणि संभाव्य तोटा टाळला, असे त्या आदेशात म्हटले होते. ही माहिती भावावर परिणाम करणारी आहे, अशी अधिकृत नोंद बँकेने ४ मार्च २०२५ रोजी, म्हणजे जाहीर घोषणेच्या सहा दिवस आधी केली, हेही सेबीने निदर्शनास आणले. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निवाडा नव्हे आणि संबंधितांना आपली बाजू मांडण्याचा पूर्ण हक्क आहे, हे येथे स्पष्ट लिहितो. माझा मुद्दा त्यांच्या दोषाबद्दल नाही. डिसेंबर २०२३, मार्च २०२५, एप्रिल आणि मे या चार टप्प्यांच्या बातम्या वाचकाला सुट्या सुट्या मिळाल्या की कोणी केव्हा काय विकले, हे त्यांच्या ओघात हरवते. म्युच्युअल फंडात दरमहा पैसे भरणाऱ्या ज्या लाखो लोकांनी ही बँक आपल्या फंडात आहे की नाही तेही पाहिलेले नसते, त्यांच्यापर्यंत ते कधी पोहोचतच नाही.

आपल्या देशातील नियम या बाबतीत दुबळे नाहीत. सेबीच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रवर्तक (कंपनीवर ताबा असणारे मूळ भागधारक), संचालक किंवा ठरावीक अधिकाऱ्याने एका तिमाहीत दहा लाख रुपयांहून अधिक किमतीचे शेअर घेतले किंवा विकले, तर त्याने दोन व्यवहार-दिवसांत कंपनीला आणि कंपनीने पुढच्या दोन व्यवहार-दिवसांत शेअर बाजाराला कळवायचे असते. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतरचे ४८ तास उलटेपर्यंत अशा व्यक्तींना व्यवहारच करता येत नाहीत. वरिष्ठ अधिकाऱ्याने राजीनामा दिला, तर त्याचे पत्र त्यातील सविस्तर कारणांसह राजीनामा अमलात आल्यापासून सात दिवसांत जाहीर करावे लागते, ही तरतूद २०२३ पासून आहे. हे मूळ पत्र बातमीदाराने वाचलेच पाहिजे, कारण कंपनीच्या निवेदनात आणि पत्रात कधीकधी बराच फरक असतो. एका बाबतीत तर आपण अमेरिकेच्या पुढे आहोत: अधिकाऱ्याला आगाऊ योजना करून शेअर विकायचे असतील, तर ती योजना आधी जाहीर करावी लागते आणि जाहीर झाल्यापासून १२० दिवस उलटल्याशिवाय तिच्याखाली विक्री करता येत नाही. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे भारत आणि पाकिस्तान यांच्यात ३ ऑक्टोबर २००५ रोजी झालेल्या करारानुसार जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची पूर्वसूचना दोन्ही देशांनी एकमेकांना किमान तीन दिवस आधी द्यायची असते. शत्रूलाही आगाऊ सांगायचे, ही रीत दोन सरकारांना मान्य झाली आहे. भागधारक तर कंपनीचा मालक असतो.

माझ्या सूचनेवर दोन आक्षेप येतील. पहिला जागेचा. त्याला उत्तर असे की मी लेख मागत नाही, चार ओळींची चौकट मागतो, आणि ती आभाराच्या वाक्यांच्या जागी सहज बसेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: निरपराध माणसावर संशय ओढवेल. अधिकारी शेअर विकतात ते बहुतेक वेळा साध्या कारणांसाठी. वेतनाचा मोठा भाग शेअरच्या रूपाने मिळत असतो, त्यावरचा कर भरायचा असतो, घर घ्यायचे असते, मुलांचे शिक्षण असते, किंवा सगळी पुंजी एकाच कंपनीत ठेवू नये असा शहाणा सल्ला कोणी दिलेला असतो. ही चौकट फक्त संशयास्पद वाटणाऱ्या राजीनाम्यांपुरती छापली, तर आक्षेप खरा ठरेल, कारण मग चौकट हाच आरोप होईल. ती प्रत्येक वेळी, लहान-मोठ्या सर्व सूचिबद्ध कंपन्यांच्या बाबतीत, सन्मानाने निवृत्त होणाऱ्याच्या बातमीतही छापावी. जपानी यंत्रणा प्रत्येक क्षेपणास्त्राची वेळ आणि पल्ला नोंदवते, ते जपानवरून गेलेले असो की सोडणाऱ्या देशाच्याच किनाऱ्याजवळ कोसळलेले असो, आणि म्हणूनच त्या आकड्यांना राजकारणाचा वास येत नाही.

चौकटीत काय असावे, हे थोडक्यात लिहितो. राजीनाम्याचे जे कारण दिले गेले ते कंपनीच्या आत केव्हा समजले, ते शेअर बाजाराला केव्हा कळवले, जाणाऱ्या व्यक्तीने मागच्या बारा महिन्यांत स्वतःचे किती शेअर कोणत्या तारखांना विकले किंवा घेतले, आणि तिचा शेवटचा कामाचा दिवस कोणता. यातील पहिली गोष्ट बहुधा मिळणार नाही. तेव्हा ‘कंपनीने सांगितलेले नाही’ असे छापावे, कारण कंपनीला विचारले होते आणि तिने सांगितले नाही, ही देखील वाचकाच्या उपयोगाची माहिती आहे. उरलेल्या तिन्ही गोष्टी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. व्यवहार झालेच नसतील, तर ‘विक्रीची नोंद नाही’ असे लिहावे. तेवढ्या तीन शब्दांनी प्रामाणिक अधिकाऱ्याचा निरोप आभाराच्या परिच्छेदापेक्षा अधिक चांगला होईल.

तिमाही निकालांच्या हंगामात राजीनाम्यांच्या आणि नव्या नेमणुकांच्या बातम्या नेहमीच अधिक येतात. येत्या हंगामापासून अर्थविषयक पानावर ही चौकट सुरू करता येईल काय, आणि येत नसल्यास अडचण कोणती आहे, याचे उत्तर आपण याच स्तंभात दिल्यास आभारी राहीन.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक, पुणे